क्रॅबट्रीची जीभ

आमच्या दरीत पाऊस पडतो असं कुणी म्हणत नाही. ‘आज जरा ओलं आहे’ म्हणतात, तेही जॅकेट पिळताना. नोव्हेंबरातल्या त्या मंगळवारी ओढा पुलाच्या कमानीला टेकला होता आणि माळावरून उतरणारं पाणी कडक चहाच्या रंगाचं झालं होतं. बाराच्या सुमाराला मी ‘लेम रॅम’चं, म्हणजे ‘लंगडा मेंढा’ या पबचं, दार ढकललं. दारावरच्या पाटीवर एक पाय उचललेला मेंढा आहे. तो लंगडा नाही, निघायच्या बेतात आहे, असं मला एकोणतीस वर्षं वाटत आलं आहे.

आत ग्लेनिस पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, हातात बादली घेऊन तळघराच्या जिन्यात उभी होती. पब तिचा. तळघर तिचं आणि त्यात शिरलेलं पाणीही तिचंच.

“आलीस? देवच पावला. जरा बारमागे उभी राहा गं. खाली घोट्याएवढं झालंय.”

“मदतीला येऊ?”

“नको. तू पडशील, मग तुलाही उपसावं लागेल. हे बघ, बिटरचं नवं पीप अजून जोडलेलं नाही. जोडलं की हाक मारते. मग क्रॅबट्रीचा अर्धा ग्लास ओत. आधी नको.”

“बरं,” मी म्हटलं.

बिटर म्हणजे आमची तांबूस, कमी फेसाची, फारशी गार न केलेली बिअर. ती पिपात जिवंत असते. आल्यावर दोन दिवस निवळत राहते, गाळ खाली बसतो, मग ती पाजण्याजोगी होते. झाली की नाही हे इतर पबांत मालक ठरवतो. आमच्याकडे क्लिफर्ड क्रॅबट्री ठरवतो. दर मंगळवारी सव्वाबाराला तो खिडकीजवळच्या बाकावर बसतो. ग्लेनिस त्याच्यापुढे नव्या पिपाचा पहिला अर्धा ग्लास ठेवते. तो ग्लास उजेडाकडे धरतो, वास घेतो, एक घोट घेतो आणि म्हणतो, “चालेल.” किंवा म्हणतो, “उद्या.” तोवर पंपाच्या दांड्यावरची बिटरची पाटी उलटी फिरवलेली असते. उलटी पाटी म्हणजे मागायचं नाही. शाळेतल्या मुलांनाही आमच्याकडे हे माहीत आहे.

हा मान त्याला कुणी दिला नाही. तो गिरणीतून चालत आला. क्रॅबट्री एकतीस वर्षं लोकरीच्या गिरणीत रंगखात्यात होता. रंगखात्याचं सगळं पाण्यावर. वर माळावर मोठा पाऊस झाला की ओढ्यात काळी कुजकी माती उतरते, आणि फिकट रंग बिघडतात. तो पहाटे ओढ्याचं पाणी ओंजळीत घ्यायचा, तोंडात धरायचा, थुंकायचा आणि सांगायचा, “आज पिवळा नको. निळा घ्या.” गिरणीत प्रयोगशाळा होती, त्यात पांढऱ्या कोटातला एक माणूसही होता. तो दहा वाजता तेच सांगायचा. गिरणी बंद पडली, यंत्रं भंगारात गेली, रंगखात्यात आता लोक योगासनं करतात. क्रॅबट्रीजवळ फक्त जीभ उरली. ती घेऊन तो रॅममध्ये आला. लग्न केलं नव्हतं. कुत्रा होता, तो गेला. एक्क्याऐंशीव्या वर्षी आठवड्यातून एकदा कुणीतरी त्याच्या तोंडाकडे बघून थांबतं, एवढंच त्याचं होतं. तेही गेलं असतं तर मंगळवारी टोपी घालायला त्याला कारण उरलं नसतं.

आणि मला एक गोष्ट माहीत होती, जी मी कुणाला सांगितली नव्हती.

ऑक्टोबरात चर्चमध्ये चहाचा कार्यक्रम होता. मी रूबार्बचा पाय, म्हणजे आंबट देठांचं गोड सारण भरून भाजलेला केक, केला होता आणि साखरेऐवजी मीठ घातलं होतं. डबे सारखेच होते, मूर्खपणा माझा. लोकांनी पहिला घास घेतला आणि ताटल्या हळूच खुर्च्यांखाली सरकवल्या. इथले लोक तोंडावर बोलत नाहीत. एकट्या क्रॅबट्रीने संपवला. वर म्हणाला, “आणखी असेल तर दे, पोरी.” मी दिला. तो खात असताना मी त्याच्याकडे बघत बसले.

त्यानंतरचे चार मंगळवार मी मुद्दाम सव्वाबाराच्या आत येत होते. तो ग्लास उजेडाकडे धरायचा, वास घ्यायचा, घोट घ्यायचा. मग, शब्द बोलण्याआधी, ग्लेनिसकडे बघायचा. एक क्षणभर. ग्लेनिसने खाली पिपाशी नाक लावलेलं असायचं, बिअर कशी आहे हे तिला आधीच कळलेलं असायचं, आणि ग्लेनिसच्या चेहऱ्याला काही लपवता येत नाही. क्रॅबट्री तिथून वाचत होता.

असं मला वाटत होतं. खात्री नव्हती.

सव्वाबाराला तो आला. टोपीतून पाणी गळत होतं. त्याच्यामागून सेल्विन बूथ आला. माळाच्या कडेला त्याच्या शंभरेक मेंढ्या आहेत, आणि क्रॅबट्रीला टोचणं हा त्याचा दुसरा व्यवसाय.

“बिशपसाहेब आले का?” सेल्विन बूट आपटत म्हणाला. “दर्शन द्या, आशीर्वाद द्या, आम्हाला तहान लागलीय.”

“तुझ्या मेंढ्या बुडाल्या नाहीत अजून?” क्रॅबट्री म्हणाला.

“त्यांना पोहता येतं. मालकावर गेल्यात. ग्लेनिस कुठाय?”

“खाली,” मी म्हटलं. “पाणी उपसतेय.”

क्रॅबट्रीने तळघराच्या दाराकडे पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग बसला.

साडेबारा झाले. खालून बादलीचा आवाज येत होता, हाक येत नव्हती. सेल्विन बोटांनी बार वाजवत होता. “ओत ना गं बाई. बिशप वाळून जाईल.”

इथे मी घाई केली. हाकेची वाट बघायला हवी होती, मला सांगितलंही होतं. पण मला बघायचं होतं की समोर ग्लेनिस नसताना हा माणूस काय करतो. जोडलं असेलच एव्हाना, असं मी स्वतःला सांगितलं आणि दांडा ओढला. अर्धा ग्लास भरला. रंग स्वच्छ होता.

क्रॅबट्रीने तो खिडकीकडे धरला. बाहेर उजेड असा नव्हताच, नुसता राखाडी ओलावा. वास घेतला. घोट घेतला आणि तोंडात धरून ठेवला, पूर्वी ओढ्याचं पाणी धरत असेल तसा. मग त्याने मान वळवली. बारमागे मी होते. त्याचे डोळे माझ्या चेहऱ्यावर फिरले, अंधारात कुणी भिंत चाचपावी तसे. मी चेहरा कोरा ठेवला. आजही त्याबद्दल मला बरं वाटत नाही.

“चालेल,” तो म्हणाला.

मी पाटी सुलटी केली. सेल्विनला पिंट, म्हणजे पूर्ण मोठा ग्लास, दिली, स्वतःला अर्धा ग्लास घेतला.

आंबट होती. थोडीफार नव्हे, सॅलडवर ओतावी अशी. जिभेच्या दोन्ही कडा आत ओढल्या गेल्या. मी सेल्विनकडे पाहिलं. आता हा ओरडणार. पंचवीस वर्षं हा माणूस या क्षणाची वाट बघत होता.

सेल्विनने घोट गिळला. त्याच्या मानेची एक शीर वर आली. त्याने ग्लासाकडे पाहिलं, मग बाकावर बसलेल्या म्हाताऱ्याकडे. क्रॅबट्री हात गुडघ्यांवर ठेवून वाट बघत होता.

“बरी आहे,” सेल्विन म्हणाला, आणि आणखी प्यायला.

“बरी?” क्रॅबट्री म्हणाला.

“चांगली आहे. गेल्या आठवड्यापेक्षा चांगली.”

तेवढ्यात दार उघडलं आणि एक उंच, तरुण वाटसरू आत आला. परका होता. पाठीवर पिशवी, हातात भिजून लगदा झालेला नकाशा. त्याने पाटी वाचली. “एक पिंट बिटर द्याल का?”

माझा हात दांड्यावर गेला आणि थांबला. हा पहिल्या घोटाला तोंड वाकडं करेल आणि सगळ्यांसमोर बोलेल, परक्यांना काय?

“ती नको,” सेल्विन पटकन म्हणाला. “त्याला दुसरं काही दे. ते गार मिळतं ना, ते.”

“मला बिटरच चालेल,” वाटसरू म्हणाला.

“चालणार नाही. ती... ती इथल्या लोकांसाठी आहे.”

क्रॅबट्रीने रेडिएटरवर वाळत टाकलेल्या टोपीतून एक थेंब जमिनीवर पडला. क्रॅबट्री सावकाश उठला, बारपाशी आला आणि सेल्विनच्या पिंटकडे बघत उभा राहिला. पाव भाग संपला होता. एरवी सेल्विनला पहिली पिंट संपवायला तीन वाक्यं लागतात.

“काय झालंय तिला?”

“कुठे काय झालंय?”

“सेल्विन, पिंट हातात आल्यापासून तू मला एकदाही बिशप म्हणाला नाहीस. आणि आता माझ्या बिअरला चांगलं म्हणतोयस.” त्याचा आवाज चढला नाही. “तू माझ्याशी नीट वागायला लागलास म्हणजे मोठंच काही बिघडलं असणार.”

सेल्विन मिशीवरून हात फिरवत राहिला. वाटसरू एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होता. पिशवी उतरवावी की नाही हे त्याला ठरवता येत नव्हतं.

क्रॅबट्रीने हात लांब केला आणि पाटी स्वतः उलटी केली.

“फेब्रुवारीत ताप आला होता,” तो म्हणाला. “ताप गेला, जाताना चव घेऊन गेला. वासही. पाणी आणि बिअर यांत मला फक्त वजनाचा फरक कळतो.”

जिन्यात ग्लेनिस उभी होती. बादली घेऊन कधी वर आली होती कोण जाणे. पायाला चिखल, कपाळाला जळमटं.

“फेब्रुवारी?” ती म्हणाली. “म्हणजे नऊ महिने?”

“तुझ्याकडे बघून सांगत होतो.”

“अरे देवा.” ग्लेनिसने बादली खाली ठेवली. “आणि मला वाटलं म्हाताऱ्याचं माझ्यावर मन बसलं. मंगळवारी मी लिपस्टिक लावून येत होते, क्लिफर्ड!”

सेल्विन हसला तेव्हा त्याच्या नाकातून बिटर आली, आणि ती नाकात जास्तच झोंबली असावी. मीही हसले. क्रॅबट्री हसला नाही. तो टोपी घ्यायला वळला. टोपी ओलीच होती, तरी त्याने ती हातात घेतली आणि आतली कड पिळू लागला. आता तो जाणार, आणि पुढच्या मंगळवारी येणार नाही, हे आम्हाला कळलं. इथल्या लोकांना अशा वेळी फक्त हवामानाबद्दल बोलता येतं, आणि हवामान तर सगळं आत आलेलं होतं.

दाराशी गेल्यावर तो थांबला.

“आंबट आहे का?” मागे न वळता त्याने विचारलं.

“आहे,” सेल्विन म्हणाला.

“कशासारखी?”

“आंबटासारखी आंबट. कशासारखी म्हणजे काय?”

“हिरव्या सफरचंदासारखी की व्हिनेगरसारखी? दोन्ही वेगळी असतात, गाढवा.”

सेल्विनने माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. त्याने डोळे मिटून एक घोट घेतला. “व्हिनेगर. मागून.”

“मागून म्हणजे गिळल्यावर? आणि आधी?”

“आधी काहीच नाही. मेलेली. बुडबुडा नाही तिच्यात.”

क्रॅबट्री वळला. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. त्या चेहऱ्याने तो गिरणीत हौदांवर वाकत असेल, असं मला वाटलं. मी तिथे कधी नव्हते.

“नव्या पिपाची बिअर मेलेली नसते,” तो म्हणाला. “आंबली तरी जिभेला टोचते. ही जुनी आहे. रविवारी संपलेल्या पिपाच्या तळाची, तळघरातून पंपाकडे येणाऱ्या नळीत राहिलेली. ग्लेनिस, नवं जोडलंस का?”

“कुठलं जोडतेय! पाणी काढत होते ना. मी हाक कुठे मारली?”

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी बार पुसायला लागले. तो स्वच्छच होता.

“मी घाई केली,” मी म्हटलं. तिथवरच सांगितलं. उरलेलं, चेहरा कोरा ठेवल्याचं, मी क्रॅबट्रीला पुढे जानेवारीत सांगितलं. तो म्हणाला, ठाऊक आहे, असा कोरा चेहरा कुणाचा आपोआप होत नाही.

ग्लेनिस खाली गेली. नवं पीप जोडल्याचा ठोका ऐकू आला, मग हाक, चांगली खणखणीत. मी नळीतली जुनी बिअर बादलीत सोडली, पंप धुऊन काढला, आणि नव्या पिपाचा अर्धा ग्लास भरला. सवयीने क्रॅबट्रीपुढे ठेवला. त्याने तो उजेडाकडे धरला, बराच वेळ. मग सेल्विनपुढे सरकवला.

“मी?” सेल्विन म्हणाला. “मला मेंढ्यातलं कळतं.”

“पी.”

सेल्विन प्यायला. “बरी आहे.”

“बरी हा शब्द तू मघाशी वापरलास. दुसरा काढ.”

“मला एक पिंट मिळेल का?” वाटसरूने विचारलं. त्याच्या पायाशी डबकं झालं होतं.

“थांबा जरा,” आम्ही तिघेही म्हणालो.

सेल्विनने ग्लास दोन्ही हातांत धरला. त्याचे कान लाल झाले होते. पंचवीस वर्षं थट्टा करायला त्याला शब्द कमी पडले नव्हते. आता एक सापडत नव्हता. त्याने दुसरा घोट घेतला, तोंडात धरला, खिडकीबाहेरच्या पावसाकडे बघितलं.

“हसायचं नाही कुणी,” तो म्हणाला. “मार्चमध्ये मेंढ्या आत असतात ना, तेव्हा गवताचा शेवटचा गठ्ठा कापतो आपण. बाहेरून काळा पडलेला असतो. सुरी घातली की मध्ये हिरवा निघतो. तो वास.”

क्रॅबट्री ऐकत होता. त्याचा जबडा किंचित हलला, रिकामाच.

“आणि गिळल्यावर?” त्याने विचारलं.

सेल्विनने पुन्हा ग्लास उचलला.