मेणदोऱ्याच्या गाठी

रोज सकाळी आठ वाजता लाइनकाका फोनचा रिसीव्हर उचलत, कानाला लावत, जरा वेळ ऐकत आणि परत ठेवून देत. कुणाला फोन करायचा नसे. आतला तो एकसुरी आवाज आला की "आहे," एवढंच म्हणत आणि मग चहाचा पहिला घोट घेत. आवाज आला नाही, तर त्या दिवशीचा चहा गार होई.

नात्याने ते आईचे काका, म्हणजे माझे आजोबाच. पण अख्खी इमारत त्यांना लाइनकाका म्हणायची, म्हणून आम्हीही. छत्तीस वर्षं ते टेलिफोन खात्यात लाइनमन होते. काकू गेल्यावर ते आमच्या समोरच्या घरात राहायला आले. त्यांचं दार आणि आमचं दार यांच्यात चार फरश्या. जेवण आमच्याकडे, झोप त्यांच्याकडे, आणि दुपारचा पेपर ज्याच्या हाताला आधी लागेल त्याच्याकडे.

लोंबणारी तार त्यांना बघवत नसे. खात्यात असताना शेकडो तारांची जुडी करून ती मेण लावलेल्या दोऱ्याने दर दोन बोटांवर बांधायची, असं त्यांचं काम. गाठी सगळ्या एका रेषेत यायला हव्यात, आणि इतक्या घट्ट की नखही शिरू नये. निवृत्त झाल्यावर खात्याने घड्याळ दिलं, ते त्यांनी कुणाला तरी देऊन टाकलं; मेणदोऱ्याचं रीळ मात्र स्वतःहून मागून आणलं. मग आमच्या घरात मिक्सरची वायर बांधली गेली, इस्त्रीची बांधली गेली, माझ्या लहानपणीच्या दप्तराचा तुटका पट्टाही त्याच दोऱ्याने शिवला गेला. बाबा म्हणायचे, काकांसमोर फार वेळ स्वस्थ बसू नका, बांधून ठेवतील.

घरात इंटरनेट आलं तेव्हा काका सत्तरीला टेकले होते. बाहेरच्या खोलीतल्या इंटरनेटच्या डब्यापासून, म्हणजे राउटरपासून, माझ्या खोलीतल्या कॉम्प्युटरपर्यंतची वायर त्यांनीच टाकली. टेलिफोनला दोन तारा पुरत, इथे आठ. म्हणून त्यांनी प्लग दाबायची खास पक्कड विकत घेतली आणि आठ रंगांचा क्रम पाढ्यासारखा पाठ केला: नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. भाजी निवडतानाही तो चालू असे. आई वैतागून म्हणाली होती, "काका, मला पण पाठ झाला आता."

माझी एम.ए.ची तोंडी परीक्षा ऑनलाइन होती, कारण बाहेरचे परीक्षक दुसऱ्या शहरात होते. गुरुवारी सकाळी अकरा. एका कॉलेजात शिकवायची जागा माझ्यासाठी महिनाअखेरपर्यंत राखून ठेवली होती. तोवर निकाल हातात हवा होता. ही परीक्षा हुकली तर पुढची सहा महिन्यांनी, आणि जागा दुसऱ्या कुणाची. घरात हे सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे त्या आठवड्यात सगळे माझ्याशी तापातल्या माणसाशी बोलावं तसं हळू आवाजात बोलत होते. एक काकाच तेवढे नेहमीच्या आवाजात "काय मास्तरीण, झाला का अभ्यास?" असं विचारायचे.

बुधवारी संध्याकाळी बाबांच्या लक्षात आलं की कॅमेऱ्यात माझ्या मागे कपड्यांची दोरी दिसणार. साहित्याची परीक्षा आणि मागे बनियन, हे त्यांना पटेना. कॉम्प्युटर बंद करून आम्ही टेबल पुस्तकांच्या कपाटासमोर नेलं. आईने मागची धूळ झटकली. टेबल डब्याच्या जवळ आल्यामुळे वायर दोन हात उरली आणि जमिनीवर लोळायला लागली. काका जेवायला आले, त्यांनी ती पाहिली आणि तडक घरी जाऊन रीळ घेऊन आले. पाच मिनिटांत उरलेली वायर घडी घालून टेबलाच्या पायाला बांधलेली होती. चार गाठी, एका रेषेत. आम्ही सगळ्यांनी कौतुक केलं.

गुरुवारी सकाळी मी कॉम्प्युटर सुरू केला. त्याने आपणहून काहीतरी नवीन उतरवून घेतलं आणि स्वतःच रिस्टार्ट झाला. साडेआठला मी मैत्रिणीला चाचणीसाठी कॉल लावला. तिचा चेहरा अर्ध्या जांभईत थिजला आणि आवाज तुकड्या-तुकड्यांनी यायला लागला. साधं विद्यापीठाचं पान उघडायला दोन-दोन मिनिटं लागत होती.

मी पुन्हा रिस्टार्ट केला. मग पुन्हा. बाबांनी डबा बंद करून चालू केला. ग्राहक सेवेला फोन लावला, तर तिथली बाई गोड आवाजात म्हणाली की सगळं बंद करून चालू करा. आमचा डबा जुना, वायरीशिवाय काही देत नाही. आणि मोबाइलची रेंज आमच्या घरात नाहीच, ती जिन्यात मिळते. जिन्यात बसून परीक्षा द्यावी का, यावर आई-बाबांची गंभीर चर्चा सुरू झाली. मी रिस्टार्टला शिव्या देत होते. कालपर्यंत चाललेलं यंत्र, नेमकं आजच त्याला नवीन काहीतरी उतरवून घ्यायची हौस आली.

नऊ वाजून गेले तेव्हा आई काकांना बोलवायला गेली. ते चामड्याची पिशवी खांद्याला लावूनच आले, ड्यूटीवर आल्यासारखे. कॉम्प्युटरकडे त्यांनी पाहिलंही नाही. स्टुलावर बसून एकच प्रश्न विचारला, कालपासून कुणी कुणी कशाकशाला हात लावला? तक्रार घेऊन येणारा माणूस काय बिघडलं ते सांगतो, हात कुठे लागला ते सांगत नाही, असा त्यांचा छत्तीस वर्षांचा अनुभव होता. बाबांनी टेबल हलवल्याची कबुली दिली. आईने धूळ झटकल्याची. मी दोनदा रिस्टार्ट केल्याचं सांगितलं.

मग त्यांनी मला टेबलाखाली घातलं. वायर जिथे कॉम्प्युटरला जोडली जाते तिथे छोटा दिवा असतो. त्याचा रंग कोणता, म्हणाले. मी म्हटलं, पिवळा. रोज हिरवा असतो ना? असतो.

यंत्र सुरू होतं तेव्हा दोन्ही टोकं आधी आपसात ठरवतात, किती वेगाने बोलायचं ते, असं त्यांनी समजावलं. तार धड असली की जोरात. कुठे अडखळली की दोघं समजूतदारपणे हळू बोलायचं ठरवतात, आणि त्यातही निम्मे शब्द दोनदा सांगावे लागतात. "रिस्टार्टचा काही दोष नाही. त्याने फक्त पुन्हा विचारलं, आणि या वेळी उत्तर वेगळं आलं."

वायर दोन्हीकडून काढून त्यांनी पिशवीतला तपासणीचा डबा जोडला. एक तुकडा बाबांच्या हातात, एक माझ्या. आठ तारांचे आठ दिवे एकामागून एक लागायला हवेत. पाच लागले. सहावा लागला, विझला, मिचकला. पुढचे दोन लागले.

काकांनी वायर बोटांत धरली आणि प्लगकडून मागे मागे चाचपत गेले. प्लगपासून चार बोटांवर, पहिल्या गाठीशी, ते थांबले. तिथे वायर नखाएवढ्या जागेत उलटी वळली होती, आणि गाठ तिच्यात रुतली होती. त्यांनी ती किंचित दाबली. बाबांच्या हातातला सहावा दिवा विझला. सोडली. लागला.

आईने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण काकांनी हात वर केला.

"हात माझाच लागला," ते म्हणाले. "विचारताना स्वतःलाच विसरलो बघ."

टेलिफोनच्या तारांना अशी घडी चालायची, ही वायर तशी नाही, हे त्यांनी नंतर सांगितलं. तेव्हा मात्र कात्री काढून चारही गाठी कापल्या. माझ्या आठवणीत त्यांनी स्वतःची गाठ कापल्याची ती एकच वेळ. मग वायर रुतल्या जागेच्या मागे तोडली आणि बाहेरचं आवरण सोललं. आठ तारा फुलासारख्या उघडल्या. त्यांनी त्या खिडकीपाशी नेल्या, चष्मा कपाळावर चढवला, परत खाली घेतला. हिरवी आणि निळी यांच्यावर त्यांचं बोट दोनदा फिरलं.

तेव्हा मला कळलं की दिव्याचा रंग त्यांनी मला का विचारला होता.

घड्याळात दहाला दहा कमी होते. काकांनी वायर माझ्यापुढे धरली. "तू रंग सांग," म्हणाले, "मी लावतो."

मी एकेक तार बोटाने दाखवत गेले आणि तो पाढा म्हणत गेले. नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी. ते तार सरळ करत, शेजारच्या तारेला चिकटवत. निळी-पांढरीला मी अडखळले, तर दारातून आईने सांगितलं. आठही एका ओळीत आल्यावर त्यांनी त्या एका कापात सारख्या केल्या, प्लगमध्ये सरकवल्या आणि पक्कड माझ्या हातात दिली. त्यांच्या हाताला आता तेवढा जोर नव्हता, हेही त्यांनी सांगितलं नाही. मी दोन्ही हातांनी दाबली. कट् असा आवाज आला.

आठही दिवे लागले. सहावा पण. वायर जोडली, कॉम्प्युटर सुरू केला, आणि टेबलाखालून मी ओरडून सांगितलं, हिरवा आहे म्हणून. मैत्रिणीला कॉल लावला. ती म्हणाली, तुझ्या मागची पुस्तकं पण वाचता येतायत.

उरलेली वायर जमिनीवर लोळत होती. काकांनी तिच्याकडे पाहिलं, मोठा सैल वेढा केला, एक ढिला दोरा घातला आणि परीक्षा संपेपर्यंत बाहेरच्या खोलीत डब्यासमोर स्टूल टाकून बसले. वायर ओलांडायची परवानगी कुणाला नव्हती. बाबांना अंघोळीला जायचं होतं, त्यांना थांबवलं. आईने स्वयंपाकघराच्या दारातूनच हातवारे करून विचारलं, पोरीचं कसं चाललंय? त्यांनी डब्याच्या दिव्याकडे बघून मान डोलावली, जणू माझी उत्तरं तिथे दिसत होती.

परीक्षा पन्नास मिनिटं चालली. एकदाही आवाज तुटला नाही. परीक्षकांनी शेवटी अभिनंदन केलं ते मी दार उघडून मोठ्याने सांगितलं, तेव्हा बाबा टॉवेल खांद्यावर घेऊन उभे होते, आई डोळे पुसत होती आणि काका पिशवी आवरत होते. मी त्यांच्या पाया पडायला वाकले, तर म्हणाले, खाली वाकलीच आहेस तर ती कात्री दे.

निकाल वेळेत आला. नोकरी मिळाली. काकांच्या डोळ्यांचं ऑपरेशन आईने पुढच्याच महिन्यात करवून आणलं. पट्टी निघाल्यावर त्यांनी पहिल्यांदा काय बघितलं असेल तर आमची वायर. हिरवी चांगलीच हिरवी आहे की, म्हणाले. कॉलेजच्या स्टाफरूममध्ये जुना फोन आहे. पहिल्या तासाआधी रोज मी त्यावरून काकांच्या घरी फोन लावायची. बोलायचं फारसं काही नसे. त्यांना माझ्यापेक्षा लाइनचीच चौकशी जास्त. कधी मी आभारांकडे वळले की खरखर येतेय, नीट ऐकू येत नाही, असं सांगत. दुसरा विषय काढला की खरखर लगेच जाई. आता वाटतं, ते सगळं त्यांनी नीट ऐकलं होतं.

चौथ्या महिन्यात एका दुपारी ते पेपर वाचता वाचता खुर्चीतच गेले. आई ताट वाढल्याचं सांगायला गेली तेव्हा तिला कळलं. पेपर छातीवर तसाच होता.

त्या दिवशी सकाळीही मी फोन केला होता. पहिल्याच घंटेला त्यांनी उचलला. मी म्हटलं, काका, मी बोलतेय. क्षणभर ते नुसते ऐकत राहिले, रोज आठला ऐकत तसे.

"येतोय आवाज. स्वच्छ आहे. ठेव आता मास्तरीण, पोरं खोळंबली असतील."