दोरीवरचं पहिलं नाव

हॅडलीज बेंड गावात अर्नेस्टीन टॉल्बर्टचं पार्लर आहे. तीन आरसे, दोन खुर्च्या, डोक्यावर टोपासारखं बसणारं केस वाळवायचं यंत्र आणि कोपऱ्यात टीव्ही. यंत्र सुरू झालं की टीव्हीतलं अक्षर कानावर पडत नाही, म्हणून तिने आवाज कायमचाच बंद करून टाकला. लांबुळक्या चेंडूचा कॉलेजातला फुटबॉल अलाबामात कोण बघत नाही? पण बघणारे सगळे घसा फोडून बघतात. अर्नेस्टीन निमूट बघायची. दुपारची कोमट हवा, यंत्राची घरघर, तेलाचा वास, आणि हिरव्या पडद्यावर पाण्याखालून चालल्यासारखी सरकणारी पोरं. आपण जागे आहोत की डुलकी लागली, हे कधीकधी तिचं तिलाच कळत नसे.

चेंडू कुठे चाललाय याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं. ज्याच्या हातात चेंडू नाही तो पोरगा काय करतो, शिट्टी वाजल्यावर कसा उभा राहतो, पडलेल्याला हात देतो की ओलांडून जातो, एवढंच ती बघे. रात्री तीच पोरं स्वप्नात येत. मोजे घालून, पायांचा आवाज न करता पार्लरमध्ये शिरत आणि केस कापून घ्यायला ओळीने बसत. सकाळी उठली की कोणाचं काय मनात आहे ते आपल्याला ठाऊक आहे, असं तिला वाटायचं. आता याला कोणी शास्त्र म्हणत असेल तर म्हणो बापडा.

एप्रिलअखेर ड्राफ्ट असतो. व्यावसायिक संघ कॉलेजातली पोरं पाळीपाळीने उचलतात. त्याआधी महिनाभर अर्नेस्टीन आरशांच्या वर दोरी बांधायची आणि पोरांच्या नावांच्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या केसांच्या चापांनी तिला लावायची. डावीकडे सगळ्यात चांगला, मग उतरत उतरत उजवीकडे. नियम एकच. जो खुर्चीत बसलाय, त्याने वाद घालावा, एखादी पट्टी इकडेतिकडे सरकवायला लावावी. खुर्चीतून उठला की तोंड बंद. आणि शेवटचा शब्द अर्नेस्टीनचा.

"मिस अर्नेस्टीन," चर्चचा कारभार बघणारे डीकन पर्व्हिस मान न हलवता विचारायचे, "मागे एकदा तुम्ही पहिल्या जागी लावलेला तो पोरगा कुठे असतो हो हल्ली?"

"बर्मिंगहॅमला ट्रक चालवतो."

"बघा!"

"छान चालवतो. माझी नजर नाही चुकली, संघवाले चुकले. आणि हलू नका, कान जाईल."

सगळं गाव या दोरीची थट्टा करी आणि सगळं गाव दोरी बघायला येई. अर्नेस्टीन पुष्कळदा चुके. पण मुद्दाम खोटी पट्टी तिने कधी लावली नव्हती.

यंदा गावातलाच पोरगा ड्राफ्टला होता. जार्व्हेल. ओझेला क्रूमचा मुलगा. ओझेला आणि अर्नेस्टीन शाळेपासूनच्या मैत्रिणी. कोंबड्या साफ करायच्या कारखान्यात उभं राहून राहून ओझेलाच्या पायांची वाट लागली, पण पोराला तिने एकटीने वाढवलं. दर गुरुवारी ती केस करून घ्यायला येई आणि डोळे मिटून बोलत राही.

"अगं, काल पुन्हा तेच स्वप्न पडलं. तो ड्राफ्टच्या मंचावर चाललाय, आणि मी मागे बसलेय जांभळी टोपी घालून. टोपी घेतलीसुद्धा मी."

"स्वप्नातली?"

"खरी गं! खोक्यात ठेवलीय. हसतेस काय?"

अर्नेस्टीन हसत नव्हती. जार्व्हेल धावत जाऊन पास झेलायचा, आणि त्याच्या हातून चेंडू सहसा निसटत नसे. पण नोव्हेंबरपासून तिला काहीतरी वेगळंच दिसत होतं. झेल घेतला, शिट्टी वाजली, बाकीची पोरं एकमेकांच्या अंगावर उड्या मारतायत, आणि हा मैदानाबाहेर जायच्या वाटेकडे बघतोय. शाळा सुटायची वाट बघणारं पोर दाराकडे बघतं, तसा. प्रत्येक वेळी. मग स्वप्नातही तो येऊ लागला. शिरस्त्राण घालूनच खुर्चीत बसायचा, आणि ती ते काढायला जायची तर तिला त्याचा पट्टाच सापडायचा नाही.

तिच्या हिशोबाने त्याची पट्टी उजव्या टोकाला जायला हवी होती. संघवाले काय ते आपलं बघून घेतील, त्यांना कुठे तिची दोरी दिसते? पण ओझेलाला दिसणार होती. ड्राफ्टच्या आठवड्यात पट्टी हातात घेऊन अर्नेस्टीन बराच वेळ स्टुलावर उभी राहिली. मग तिने ती डावीकडे, सगळ्यात पहिली लावली. ओझेला ती पाहून लहान मुलीसारखी रडली, आणि अर्नेस्टीनला दोन दिवस अन्न गोड लागलं नाही.

त्याच आठवड्यात, गुरुवारी, ओझेला जार्व्हेलला घेऊन आली. तिकडचे खेळाडू घालतात तशा बारीक वेण्या घालून घ्यायच्या होत्या, टीव्हीवर दिसायचं होतं ना! ती स्वतः केसांना रोलर लावून यंत्राखाली बसली. जार्व्हेलने दोरीकडे पाहिलं, ते उजव्या टोकाकडून. एकेक नाव वाचत तो डावीकडे सरकत गेला आणि शेवटी पहिल्या पट्टीपाशी थांबला. चेहरा पडला त्याचा.

खुर्चीत बसल्यावर, अर्ध्या वेण्या झाल्यावर तो हळूच म्हणाला, "मिस अर्नेस्टीन, टीव्हीचा आवाज अजून बंदच ठेवता ना?"

"हो रे."

"मग तुम्हाला दिसलं नाही?"

तिचे हात थांबले.

"मला वाटलं होतं, तुम्ही मला शेवटी लावाल," तो म्हणाला. "आई विचारेल, का म्हणून. तुम्ही सांगाल. मग मला बोलता येईल. मला एकट्याला नाही हो जमत ते."

यंत्राखालून ओझेलाला ऐकू काहीच येत नव्हतं, पण आरशात दोघांची तोंडं दिसत होती. तिने टोप वर ढकलला. "काय झालं?"

अर्नेस्टीन स्टुलावर चढली. पहिली पट्टी काढली आणि खाली उतरली. "ओझेला, ही मी तुझ्यासाठी लावली होती. पोराला खेळायचं नाहीये."

"वेडी झालीस? तो सगळं झेलतो!"

"झेलतो गं. आणि मग बाहेरच्या वाटेकडे बघतो."

"कधीपासून?"

"नोव्हेंबरपासून."

"दर गुरुवारी मी तुझ्या हातात डोकं देऊन बसत होते, अर्नेस्टीन." ओझेलाचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. अर्नेस्टीनला लाज वाटली, अगदी मनापासून.

ओझेला मुलाकडे वळली. "आणि तू? आईला सांगायला काय झालं होतं?"

जार्व्हेल आरशात बघत राहिला. "ड्राफ्टची गोष्ट निघाल्यापासून पहाटे कामाला निघताना तू गुणगुणायला लागली होतीस, आई. मी कॉलेजातून घरी आलो की अंथरुणातून ऐकायचो. त्याआधी कधीच ऐकलं नव्हतं मी तुला."

ओझेला उठली, डोक्यावरच्या रोलरसकट त्याच्याजवळ गेली आणि ते अर्ध्या वेण्यांचं डोकं तिने पोटाशी धरलं. अर्नेस्टीनकडे तिने पाहिलं नाही.

"त्याच्या वेण्या पुऱ्या कर," ती म्हणाली. मग पर्समध्ये फोन चाचपत, पोराचं डोकं न सोडता, स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "त्या संघवाल्यांना मी सांगते. म्हणावं, माझा मुलगा घरी आलाय."