साइड स्टँड आणि माझी बायको

लग्नानंतर पहिल्यांदा बायकोला मोटारसायकलवर बसवून सासुरवाडीला निघालो, तेव्हा रस्त्याने जो तो मला हात करत होता. आम्ही वर्ध्याचे, सासुरवाडी हिंगणीची. सेलूच्या पुढे तर पानठेल्यावरची माणसं उभी राहून हातवारे करू लागली. बैलबंडीवाल्या एका म्हाताऱ्याने कासरा सोडून दोन्ही हात हलवले. गावच्या नव्या जावयाचा एवढा मान होणारच, असं मला वाटलं. मीही पुढाऱ्यासारखा हात वर करत गेलो. माहेरच्या लोकांचा हा जिव्हाळा पाहून मागे बायकोही खूश होती.

ते काय ओरडत होते, हे गाडीच्या आवाजात ऐकू आलं नाही. हिंगणीच्या अलीकडे डावं वळण आलं, गाडी कलली, आणि मी वर करायला विसरलेलं साइड स्टँड रस्त्याला टेकलं. जावई, लेक आणि गाडी, तिघंही कडेच्या कपाशीच्या पऱ्हाटीत. मला खरचटलं, बायकोच्या हाताला प्लास्टर.

"आता मी तुमच्या मांगं नाई बसत," ती म्हणाली, आणि खरंच बसली नाही. एक-दोन नाही, सहा वर्षं. हिंगणीला जायचं तर ती बसने आणि मी पिशव्या घेऊन गाडीवर बसच्या मागे, धूर खात. वर्गात खडू, घरी चष्मा, बाजारात छत्री विसरणारा मी. स्टँडची शपथ कोणत्या तोंडाने घेणार? पण शेजारपाजारच्या बायका नवऱ्यांच्या मागे बसून बाजाराला निघाल्या की मला फार वाईट वाटायचं.

पुढे नवी गाडी घेतली. तिच्या स्टँडला स्विच होता. स्टँड खाली असलं की इंजिन चालूच राहत नसे. बायकोने दुकानातल्या पोराकडून ते पाच वेळा करून घेतलं, सहाव्यांदा स्वतः केलं, आणि मग पदर खोचून मागे बसली. त्या दिवशी मी उगाचच गावाला दोन चकरा मारल्या.

पावसाळ्यात त्या स्विचमध्ये काळा चिखल शिरला. स्टँड वर, तरी गाडी सुरू होईना. शाळेसमोर पोरं मोठ्याने किका मोजत होती. शेवटी ढकलत मिस्त्रीकडे नेली.

"हे काऊन ठेवता सर? साऱ्याइच्या वायरी म्या कापून टाकल्या," म्हणत त्याने स्विचच्या वायरी तोडल्या, एकमेकींना जोडल्या, वर काळी टेप गुंडाळली. "झाली डायरेक्ट!"

घरी मी काही बोललो नाही. कोणी विचारलंच नाही, तर सांगायचं कशाला?

दिवाळीत मेहुणा घरी आला. त्याला गाडी घ्यायची होती. बायको त्याला मोठ्या तोऱ्यात अंगणात घेऊन गेली. "स्विचवालीच घेजो. पाह्य, आता कशी बंद पडते." तिने गाडी सुरू करायला लावली आणि स्वतः स्टँड खाली केलं.

गाडी मजेत चालूच राहिली.

"भाऊजी, डायरेक्ट केली काय?" मेहुणा पोट धरून हसला. बायको हसली नाही. वाकून तिने ती काळी टेप पाहिली.

त्याच दिवशी आम्हाला त्याच्यासोबत हिंगणीला निघायचं होतं. मेहुणा बसने पुढे गेला. मला वाटलं, आता हीही त्याच बसमध्ये चढणार. पण ती पायीच मिस्त्रीकडे निघाली, आणि मी गाडी ढकलत तिच्या मागे. चालवत न्यायची हिंमत झाली नाही.

"नवा स्विच लावून द्या," ती मिस्त्रीला म्हणाली.

"कायले बाई? लोकाइले याची काई गरज पडत नाई."

"लोकाइच्या मांगं मी बसत नाई."

मिस्त्री गुमान कामाला लागला. मी तिची समजूत घालू लागलो: पाऊस होता, पोरं हसत होती, सांगायचं राहूनच गेलं.

"तुमी स्टँड विसरता, त्याचं मले काई नाई," ती म्हणाली. "पण हे तुमी विसरले नवते. लपवून राह्यले होते."

मी पाकीट काढून स्विचचे पैसे मोजले.

स्विच लागला. तिने तीनदा तपासला आणि मागे बसली. हात मात्र सीटच्या कडीला धरून ठेवला. तो माझ्या खांद्यावर यायला सेलू उजाडलं.