ढालीची सावली

शॉपिंग फेस्टिव्हलच्या दिवसांत बर दुबईतल्या एका दुकानाबाहेर गिऱ्हाइकांचं लक्ष वेधायला एक माणूस उत्तरकालीन रोमन पायदळातल्या शिपायाच्या वेषात उभा असे. दोन अर्धे भाग मधोमध जोडलेलं लोखंडी शिरस्त्राण, गुडघ्यांपर्यंत कड्यांचं चिलखत, लांब तलवार आणि लंबगोल लाकडी ढाल.

एका दुपारी तिथेच भर उन्हात माझी आई चक्कर येऊन पडली. डोकं आपटलं होतं, म्हणून तिला हलवता येईना. तो धावत आला, गुडघे टेकून बसला आणि तिच्यावर ढाल धरली.

"भाईसाब, ये लोहा तो उतार लो," मी म्हणाले.

"उतारने में टाइम लगेगा, बहन. तब तक आंटी धूप में रहेंगी?"

ॲम्ब्युलन्स येईपर्यंत त्याने ढाल खाली घेतली नाही. आईने डोळे उघडले, त्याच्या हनुवटीवरून टपकणारा घाम पाहिला आणि मला म्हणाली, "अगं, आधी त्याला पाणी दे."