न विकलेली पेन्शन

निवृत्तीच्या कागदांत एक प्रश्न असा होता की ज्याचं उत्तर मी एकटीने द्यायचं होतं आणि ज्यावर घरातल्या सगळ्यांचं मत आधीच तयार होतं. पेन्शनचा काही भाग विकायचा का? विकला तर एकरकमी पैसा हातात येतो, पण पुढची पंधरा वर्षं महिन्याची पेन्शन तेवढी कमी मिळते. नाही विकला तर पूर्ण पेन्शन, दर महिन्याला.

"बाई, सगळेच विकतात," ऑफिसातला क्लार्क म्हणाला. "लिहून टाका."

मी म्हटलं, विचार करून सांगते.

मी आरोग्यसेविका होते. वडनेर भोलजीच्या आसपासच्या गावांत लसी टोचण्यात आणि बाळंतपणं करण्यात नोकरी गेली. नवरा लवकर वारला. वावर धाकटे दीर पाहत. घर एक, चुली दोन. मुलीचं शिक्षण, तिचं लग्न, माझी औषधं, सगळं पगारातून झालं. कोणाला विचारून पैसे घ्यायची वेळ माझ्यावर आली नाही. ती म्हातारपणीही येऊ नये, एवढंच मला हवं होतं.

त्या वर्षांत आमच्याकडे जिकडे तिकडे बीटी कापसाची पराटी. बियाणं महाग, खतं महाग, आणि ऐन बोंडं भरायच्या वेळी पाऊस पाठ फिरवायचा. रविवारी दुपारी दीर माझ्या ओसरीवर येऊन बसले. मागून जाऊही आली.

"वहिनी, इकून टाका पेन्शन. बोअर मारू. बोंडं भरतानी एक पानी भेटलं ना, तर पराटी सोनं देते."

"अन् पानी नाही लागलं तर?"

"लागन कसं नाही? पानी पाहनाऱ्या नारळवाल्यानं जागा दाखवली हाये. हातावरचा नारळ उभा राह्यला!"

"मंग पैसे बी त्यालेच मागा."

जाऊ पदर तोंडाला लावून हसली. दीर चिडले. "रागावू नका, पन मानसाचा काय भरवसा? मानूस गेलं की पेन्शन बी गेली. तुमच्या माहेरी साठीच्या पुढं कोन गेलं, सांगा बरं?"

मला याद्या करायची सवय आहे. मी आतून पेन आणलं आणि जुन्या कॅलेंडरच्या मागे माहेरची माणसं लिहायला घेतली. आई, बाबा, थोरला भाऊ. दिरांचं म्हणणं खरं निघत होतं. मी लिहीत राहिले.

"संग्रामपूरची मावशी," मी म्हटलं. "ऐंशीच्या पुढं गेली. अजून एसटीनं बाजाराले जाते."

"तिले मोजू नका. तिले पाहून यम वापस जाते."

"मी तिच्यावरच गेली, भाऊजी."

यादी तिथेच थांबवली. मी किती जगणार हे कॅलेंडरवर कळणार नव्हतं. पण माझ्या मरणाच्या हिशोबावर बोअर मारायचा नाही, हे नक्की झालं.

"मी विकत नाही," मी म्हटलं. "पन वेचनीची मजुरी माझ्या पेन्शनीतून. दर बाजाराच्या दिवशी, रोख. मीच वाटीन. त्याच्यावर काही मागायचं नाही."

हे मला तेव्हाच सुचलं असं नाही. वेचणारणींना मजुरी बाजाराच्या दिवशी हातात लागते आणि नेमका तेव्हा शेतकऱ्याचा हात रिकामा असतो. मग दारात आलेल्या व्यापाऱ्याला पहिल्या वेचणीचा कापूस तो म्हणेल त्या भावात द्यावा लागतो. दरसाल हेच मी माझ्या दारातून पाहत होते.

"बोअर मागाले आलो," दीर म्हणाले, "अन् हातावर मजुरी!"

"घ्या ना," जाऊ मध्येच बोलली. "बाया बाजाराच्या दिवशी शिव्या मले देतात, तुमाले नाही."

दीर उठून गेले. पोळ्यापर्यंत माझ्याशी नीट बोलले नाहीत. मी कागदावर 'नाही' लिहून सही केली आणि क्लार्कला नेऊन दिला.

त्या हंगामापासून मी ओसरीवर बसून मजुरी वाटू लागले. कापूस घरात थांबला. पुढची खोली छतापर्यंत भरायची आणि दिरांची पोरं त्यावर उड्या मारायची. थांबल्याने काही वर्षी भाव मिळाला, काही वर्षी होता तोही पडला. पुढे शेजारच्या वावरात त्याच नारळवाल्याने जागा दाखवली आणि तिथे पाणी लागलं. दीर ते अजून बोलून दाखवतात. बोलणं खरं आहे, म्हणून मी त्यावर वाद घालत नाही.

दर नोव्हेंबरात बँकेत जाऊन आपण जिवंत असल्याची सही करावी लागते. मला मोटारसायकलवर दीरच नेतात. परवाही दारात हॉर्न वाजवला.

"वहिनी, हायेत का अजून?"

"हाव," मी चपला घालत म्हटलं. "गाडी हळू चालवा, म्हनजे पुढच्या साली बी राहीन."