कचेरीवाले, पाळतवाले आणि आमची आई

माझे वडील इंग्रजीचे प्राध्यापक होते आणि आईला इंग्रजी येत नव्हतं. सदाशिव पेठेत असे संसार पुष्कळ होते, त्यामुळे त्यात कोणाला काही वावगं वाटायचं नाही. आईलाही वाटत नसावं, असं मी बरीच वर्षं धरून चालले होते.

बाबांचा एक लाडका विषय होता. इंग्रजीत थोर लेखकाच्या आडनावाला शेपूट जोडून त्याचा शब्द करतात. त्या लेखकानं जे जग उभं केलं, तसलं काही आपल्यासमोर आलं की तो शब्द वापरायचा. बाबा वर्गात सांगायचे, राजाच्या नावाचा रस्ता होतो, पुढाऱ्याच्या नावाचा चौक होतो, पण नावाचा शब्द व्हायला माणूस लेखकच असावा लागतो. आणि या शब्दांबाबत त्यांचा एक कडक नियम होता. पूर्ण वाचल्याशिवाय कोणाचा शब्द वापरायचा नाही. एखाद्या मुलानं ऐटीत असा शब्द टाकला, की बाबा शांतपणे विचारायचे, "आपण यांचं काय काय वाचलंय?" त्यातलं ते 'आपण' ऐकलं की मुलगा वर्षभर तोंड उघडत नसे.

मग गल्लीतल्या प्रत्येक दुसऱ्या जिन्याखाली कॉम्प्युटर क्लासची पाटी लागली. अमेरिकेला निघालेली पोरं परीक्षेसाठी शब्दांची जाडजूड पुस्तकं घेऊन बाबांकडे यायला लागली. त्यांना हे आडनावांचे शब्द एका संध्याकाळीत हवे असायचे, अर्थासकट, पाठ करण्यापुरते. बाबा त्यांच्या हातात कादंबरी ठेवायचे. कादंबरी नेलेला पोरगा परत यायचा नाही आणि कादंबरीही यायची नाही. कॉलेजातही इंग्रजी साहित्य घेणारी मुलं आटत गेली. बाबा निवृत्त झाले तेव्हा त्यांची जागा भरलीच नाही. मी एम.ए. करून हिंजवडीच्या एका कंपनीत लागले, सॉफ्टवेअर कसं वापरायचं याची माहितीपुस्तकं लिहायला. बाबा म्हणाले, चांगलं आहे, निदान ती कोणी पूर्ण वाचत नाही हे लिहिणाऱ्यालाही माहीत असतं.

आई गुळाच्या अडत्याची मुलगी. मामाचा गाळा मार्केट यार्डात अजून आहे. मॅट्रिक झाली आणि लग्न होऊन पेठेत आली. बाबांनी तिला कधी नावानं हाक मारली नाही; त्या पिढीत कोण मारायचं? 'अगं' म्हटलं की ती आणि 'अहो' म्हटलं की ते. दसऱ्याच्या आधी ती बाबांची सगळी पुस्तकं खाली काढायची, एकेक फडक्यानं पुसायची आणि कसर लागू नये म्हणून प्रत्येकात कडुलिंबाची पानं घालायची. एक अक्षर न वाचता तिनं घरातलं प्रत्येक पुस्तक उघडलं होतं. बाबा त्यावर बरं म्हणाले नाहीत की वाईट. एका वर्षी पुसता पुसता ती मला म्हणाली, "एवढ्या सगळ्यांना वाचलं यांनी. घरातलं माणूस तेवढं वाचायचं राहिलं." हसत म्हणाली होती, पण मला बाबांचा असा राग आला की चार दिवस मी त्यांच्याशी धड बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नसेल, वाचत होते.

बाबांना अर्धांगवायूचा झटका आला, त्यात उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. कळत सगळं होतं, शब्द सापडत नव्हते. स्पीच थेरपी देणारी मुलगी कपाचं चित्र दाखवायची, किल्लीचं दाखवायची, आणि बाबा त्या चित्राकडे अपराधी तोंड करून बघत बसायचे. ज्या माणसानं उभा जन्म दुसऱ्यांना शब्द शिकवले, त्याला 'कप' म्हणता येत नव्हतं. मला ते बघवायचं नाही. आई मात्र उशाशी बसून असायची. तिचं मागणं एवढंच होतं, की एकदा 'अगं' म्हणू दे. बाकी नाही बोलले तरी चालेल.

बाबा बोलले ते हॉस्पिटलातून घरी निघायच्या दिवशी. मी डिस्चार्जच्या कागदांसाठी सकाळपासून एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर फिरत होते, दुसरीवरचा माणूस परत पहिलीवर पाठवत होता, आणि बाबा चाकांच्या खुर्चीत बसून हे बघत होते. एकदम त्यांच्या तोंडून एक इंग्रजी शब्द बाहेर पडला, अख्खा, स्वच्छ. आडनावाचा शब्द.

आईनं माझा दंड धरला. काय म्हणाले, काय म्हणाले? मी सांगितलं, लांबच्या देशात एक लेखक होते, त्यांच्या गोष्टींत माणूस कचेऱ्यांतून हिंडत राहतो आणि आपलं काम काय होतं, आपला गुन्हा काय होता, तेच शेवटी त्याला कळेनासं होतं. त्यांच्या नावाचा शब्द आहे.

आईनं खिडकीकडे बघितलं. "मग बरोबरच बोलले," ती म्हणाली.

त्यानंतर बाबा तेवढेच शब्द बोलायचे. कप, किल्ली, पाणी काही नाही, 'अगं' तर नाहीच. पण आडनावांचे शब्द यायचे, दिवसातून एखादा. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी, आयुष्यभर घोटलेलं मागे उरतं. आईला त्याचं वाईट वाटलं. वाटणारच. तिच्या वाट्याचं काहीच घोटलेलं नव्हतं, असा त्याचा अर्थ होत होता. पण ती रडत बसणाऱ्यातली नव्हती. मी कंपनीच्या बसमधून उतरून घरात पाऊल टाकलं की तिचा पहिला प्रश्न, आज असं असं म्हणाले, हे कोण? ऐकलेला शब्द ती दिवसभर तोंडात धरून ठेवायची. मग मी त्या लेखकाच्या गोष्टी तिला मराठीत सांगायचे, ती भाजी निवडत ऐकायची, आणि मधेच पुढचं सांगायचं राहिलं तर दुसऱ्या दिवशी जिथं सोडलं तिथून मागायची.

शब्द मात्र तिनं स्वतः कधी वापरला नाही. आपण कुठं वाचलंय, म्हणायची. नियम म्हणजे नियम. पेपरवाले, दूधवाले तसे तिनं त्या लेखकांना ठेवले. पहिले झाले कचेरीवाले. ज्यांच्या पुस्तकात सरकार घराघरांत डोळा लावून बसतं ते पाळतवाले. गोळी गिळली का हे बघायला आई बाबांच्या तोंडाशी वाकली, की बाबा पाळतवाल्यांचा शब्द काढायचे आणि आई म्हणायची, असू दे पाळत, गिळा आधी. टेलिफोन खात्यातल्या माणसाला तिनं एकदा फोनवर ऐकवलं, की तुमच्या ऑफिसातलं सगळं आमच्या कचेरीवाल्यांनी आधीच लिहून ठेवलंय. तो बिचारा काय समजला कोण जाणे.

दसऱ्याच्या थोडं आधीची गोष्ट. आई गूळ आणायला मार्केट यार्डात मामाकडे गेली होती आणि मी रजा घेऊन घरी होते. बाबांना वाचून दाखवावं म्हणून कपाटातलं एक पुस्तक काढलं. उघडलं तर मागच्या वर्षीचं कडुलिंबाचं पान त्यांच्या मांडीवर पडलं, वाळून कुरकुरीत झालेलं. बाबांनी डाव्या हातानं ते उचललं. बराच वेळ बघितलं. मग एक शब्द म्हणाले.

नेहमीचंच शेपूट होतं, पण त्याच्या आधीचं नाव माझ्या ओळखीचं नव्हतं. मी म्हटलं, हे कोण बाबा? त्यांनी पुन्हा तोच शब्द म्हटला, सावकाश, वर्गात फळ्याकडे बघून म्हणावा तसा. तीन अक्षरी नाव, ऐकण्यात काही घोळ नव्हता. मला वाटलं कोणी रशियन असेल, नाहीतर इटालियन. एम.ए. झालेय मी, आणि एक लेखक माहीत नाही म्हणजे काय! बाबांचा जाडा संदर्भकोश उलटापालटा केला. इंटरनेट लावलं, तीन तऱ्हांनी स्पेलिंग करून शोधलं. असा कोणी लेखक पृथ्वीवर नव्हता. मी चिडले. बाबा पान हातात धरून झोपून गेले.

आई आली ती घामाघूम, दोन्ही हातांत पिशव्या. चपला काढायच्या आधी विचारलं, आज काय बोलले? मी वैतागून म्हटलं, बोलले, पण हा कोणत्या गावचा लेखक ते सापडत नाही, आणि शब्द म्हणून दाखवला.

आई दारातच थांबली.

"परत म्हण," ती म्हणाली.

मी परत म्हटला.

"लेखक नाही ती." आईनं पिशव्या खाली ठेवल्या. "माझं माहेरचं नाव आहे ते."

लग्नात बाबांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं तिचं नवं नाव लिहिलं होतं, सगळे लिहितात तसं, आणि त्या दिवसापासून जुनं नाव गेलं. मामा, मावशी तिला अक्का म्हणायचे. कागदोपत्री नवंच होतं. आजी-आजोबा मला आठवत नाहीत. माझ्या आईचं मूळ नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा, शेपटासकट ऐकलं होतं आणि इंटरनेटवर शोधत बसले होते.

कशावरून म्हणाले, तिनं विचारलं. मी पलंगाकडे बोट केलं. बाबा झोपले होते, मुठीत पान होतं. आई बघत राहिली. मला वाटलं, आता रडेल. मीच रडायला लागले होते.

"पूर्ण वाचल्याशिवाय शब्द वापरायचा नाही, असं तेच म्हणायचे ना गं?"

मी मान हलवली.

"म्हणजे वाचलं होतं तर," आई म्हणाली, आणि चपला तशाच पायांत घेऊन आत त्यांच्याजवळ जाऊन बसली.