गाडीची डावी बाजू

जुनी गाडी विकायला काढली की ती एकटी जायचं नाव घेत न्हाई, घरातल्या सगळ्यांना कामाला लावते. आमच्याकडं त्या एका आठवड्यातले किस्से इतके साचलेत की चहाला कुणी आलं की एखादा निघतोच. आमचे हे, म्हणजे माझे मिस्टर, ते हसून सांगतात. मला अजून हसून सांगता येत न्हाई. तरी सांगते.

*

गाडी अण्णांची. अण्णा म्हणजे माझे सासरे, सरकारी नोकरीतून रिटायर झालेले. नोकरीत असताना त्यांनी ती पांढरी गाडी घेतली आणि तेव्हापासून स्टिअरिंगला दुसऱ्याचा हात लागू दिला न्हाई. पोटच्या पोराला सुद्धा, "तू ब्रेक लई जोरात दाबतोस," म्हणून मागं बसवायचे.

शेजारची सीट आत्याबाईंची. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. अण्णा कटिंगला निघाले तरी ह्या पदर खोचून तयार. "थांबा, मी बी येते." मग अण्णांची कटिंग होईपर्यंत दुकानाबाहेर गाडीत बसून राहायच्या. आम्हाला वाटायचं, बाईला फिरायची लई हौस.

आणि बसल्या की तोंड चालू. "डाव्या हाताला बघा, म्हशी निघाल्या." "अगं बाई, ह्या सायकलवाल्यानं केवढं ओझं घेतलंय." "आला बघा ऑटो, आला, आला." मागं बसून मी कंटाळून जायचे. एकदा ह्यांच्या कानात म्हणले, "तुमच्या आईला नांदेडातली एक म्हैस चुकवायची न्हाई."

तर ह्या हौशी बाईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. त्यानंतर बरेच दिवस गाडीत बसायचं न्हाई, असं डॉक्टरनं बजावलं. दवाखान्यातून घरी आल्या, तांब्याभर पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "ऑपरेशनच्या आधी गाडी विकून टाका."

आम्ही बघतच राहिलो. हे म्हणाले, "अगं, तुला न्यायला-आणायला गाडी नको का?"

"ऑटोनं जाईन. पण ही दारात ठेवून मी दवाखान्यात जाणार न्हाई."

अण्णा जेवत्या ताटावरून उठले.

पुढं दोन-चार दिवस ते फक्त टीव्हीशी बोलले. मग एका सकाळी चहाचा कप खाली ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "विकायची तर विकू. पण नव्यासारखी होऊन जाईल. आन् घेणाऱ्यानं एकदा जरी नाक मुरडलं तर दारातच राहील. मी चालवीन."

लातूरला माझी नणंद दिलीय. तिच्या मिस्टरांच्या शाळेतल्या एका सरांना जुनी गाडी पाहिजे होती. ते रविवारी बघायला येणार, आणि आत्याबाईंचं ऑपरेशन सोमवारी. म्हणजे जे काय व्हायचं ते रविवारीच.

*

सुरुवात हेडलाइटपासून झाली. काचा पार पिवळ्या पडल्या होत्या. अण्णांना कुणीतरी सांगितलं, दात घासायच्या पेस्टनं त्या साफ होतात. अण्णांनी घरातली एकूण एक ट्यूब पिळली. सकाळी आम्ही सगळे मिठानं दात घासून राहिलो आणि अण्णा अंगणात उकिडवे बसून गाडीचे दात घासून राहिले.

काचा निघाल्या मात्र लख्ख. अण्णा समोर उभे राहून बघत होते. "कसं बघून राहिली बघ सूनबाई. हिला अजून दहा वर्षं काय होत न्हाई."

हे असं होईल हे कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. गाडी विकायला म्हणून चमकवायची, आणि जसजशी चमकेल तसतसा माणूस तिच्यात अडकत जाणार. तेवढ्यात आतून आत्याबाईंचा आवाज आला, "रविवार कधी हाय गं?"

*

बाकीचं काम रफीकभाईंकडं दिलं. त्यांचं वॉशिंग सेंटर आमच्या कॉलनीच्या तोंडाशीच. रबिंग, पॉलिश, वॅक्स, सगळं तेच करतात.

दुसऱ्याच दिवशी त्यांचा निरोप आला की काम अडलंय. बॉनेटवर स्वस्तिक होतं. दरवर्षी दसऱ्याला आत्याबाई एकाच जागी हळदी-कुंकवाचं स्वस्तिक काढायच्या, तेही तेलात कालवून. ते रंगात मुरलं होतं. रफीकभाई मशीन बंद करून बसले होते. म्हणाले, "मैं नै घिसता अण्णा. माँजी का हाथ का है. पहले उनों को पूछो."

आत्याबाई लंगडत आल्या. बॉनेटवरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "काढा भाई. पण असं देवाला न विचारता न्हाई काढायचं. सूनबाई, घरून ताट आण."

मी ताट आणलं. आत्याबाईंनी दिवा लावला, फूल वाहिलं, हात जोडले, आणि सवयीनं हळद-कुंकू तेलात कालवून त्याच जागी नवं कोरं स्वस्तिक काढलं!

रफीकभाई एकदा स्वस्तिकाकडं, एकदा अण्णांकडं बघून राहिले. "अब ये वाला निकालने का कि पुराना?"

अण्णा लई दिवसांनी हसले. आत्याबाई न्हाई हसल्या. "लवकर करा भाई," एवढंच म्हणाल्या.

*

हा किस्सा आम्ही पाहुण्यांपुढं सांगत न्हाई.

गाडी धुऊन कोरडी झाल्यावर रफीकभाईंनी आम्हाला बोलावलं. "अण्णा, गुस्सा नक्को करो. सीधी बाजू पे एक लकीर नै. बायीं बाजू पूरी छिली हुई है. कायकू?"

खरंच होतं. धुळीत ते कधी दिसलं नव्हतं. उजवी बाजू अंगणातल्या फरशीसारखी साफ, आणि डावीकडं पुढच्या बंपरपासून मागच्या दारापर्यंत ओरखडेच ओरखडे.

अण्णा म्हणाले, "पार्किंगला लावली की लोक घासून जातात."

"सब लोगां एकीच बाजू से जाते?"

अण्णा बंपर पुसायला लागले. आत्याबाई मात्र वाकल्या आणि एकेका ओरखड्यावर बोट ठेवून बोलायला लागल्या, एखादी बाई जुन्या लुगड्यांची आठवण सांगते तशा. "हा मी उमरीला माहेरी गेले होते तवाचा. हा मला ताप भरला होता तवाचा. हा मी एकादशीला देवळात बसले होते तवाचा." मागच्या दारावर एक खोल ओरखडा होता. त्याच्यापाशी बोट थांबलं. "आन् हा बारशाचा."

त्याचं मला ठाऊक होतं. आत्याबाई शेजारी बारशाला गेल्या होत्या आणि अण्णा एकटे बाजारात. शाळेतून येणारी एक मुलगी सायकलसकट गाडीला घासून पडली. कोपर खरचटलं, बाकी देवाची कृपा. अण्णा तिला घरी सोडून आले आणि त्या दिवशी दहादा म्हणाले, "ती आली कुठनं तेच कळालं न्हाई."

मी तिथं उभी होते आणि माझ्या डोक्यात त्या म्हशी, ते ऑटो, ते सायकलवाले एकदम फिरले. अण्णांना डावीकडचं दिसतच नव्हतं. आत्याबाई शेजारी बसून त्यांना डावी बाजू बोलून दाखवत होत्या. आणि सोमवारनंतर त्या सीटवर त्या बसू शकणार नव्हत्या.

घरी आल्यावर स्वयंपाकघरात विचारलं, "आत्याबाई, मग सरळ सांगत का न्हाई त्यांना?"

त्यांनी शेंगा निवडणं थांबवलं न्हाई. "डोळ्याच्या डॉक्टरचं नाव काढलं की जेवत न्हाईत. जल्मभर ह्या माणसानं कुणाला विचारून वळण घेतलं न्हाई. त्यांना आता दिसत न्हाई म्हणून सांगू? तूच सांग जा."

मी न्हाई गेले. माझी बी हिंमत झाली न्हाई.

*

शनिवारी गाडी तयार झाली. वॅक्स केल्यावर तिच्यात कॉलनीतली झाडं दिसायला लागली. रफीकभाईंनी किल्ली हातात दिली, आणि अण्णा म्हणाले, "मुखेडला, आपल्या गावाकडं, एक चक्कर मारून येतो. गावच्या लोकांनी नवी असताना बघितली, आता जाताना बी बघू दे."

मी तिथनं घरी पळत सुटले. आत्याबाई अंथरुणावर पडल्या होत्या. मी एवढंच म्हणले, "निघाले."

त्या उठल्या कशा, चपला घातल्या कशा, मला सांगता येत न्हाई. गाडी दारापुढं आली तेव्हा ह्या रस्त्यात उभ्या. "मी बी येते."

"अगं, गुडघा?"

"गुडघा माझा हाय."

मी उशी घेऊन मागं बसले. नांदेड मागं पडलं आणि आत्याबाईंनी सुरुवात केली. "डाव्या हाताला उसाचा ट्रॅक्टर हाय. लई पुढं आलाय." स्टिअरिंग जरासं उजवीकडं वळलं. "पोरं बघा कशी चाललीत काठाकाठानं." परत वळलं. इतकी वर्षं मी मागं बसून होते, पण आत्याबाई बोलतात तेव्हा स्टिअरिंगकडं कधी बघितलंच नव्हतं.

मग एका खड्ड्यात गाडी आदळली. त्यांच्या गुडघ्यातून कळ गेली असणार, कारण त्या बोलता बोलता गप्प झाल्या आणि डोळे मिटून दाराची कडी धरली. गाडी हळूहळू डावीकडं सरकायला लागली. तिथं एक दुधवाला कॅन लावलेल्या मोटरसायकलवर चालला होता. त्याची पाठ जवळ येत गेली.

"अण्णा, डावीकडं दुधवाला!"

मी किंचाळलेच. अण्णांनी गाडी सरळ केली. दुधवाला मागं गेला, त्याला पत्ता बी लागला न्हाई.

एवढ्या मोठ्यानं का ओरडलीस, असं कुणी विचारलं न्हाई. पुढच्या वळणावर अण्णा म्हणाले, "तू बी सासूसारखी बोलायला लागलीस."

मुखेड अजून लांब होतं. अण्णांनी एका टपरीपाशी गाडी वळवून घेतली. "हिचा गुडघा दुखून राहिला," म्हणाले, आणि घरापर्यंत सायकलच्या वेगानं आले.

*

रविवारी लातूरचे सर आले, सोबत मॅडम, म्हणजे त्यांच्या मिसेस बी होत्या. सरांनी गाडीभोवती चार फेऱ्या मारल्या. डाव्या बाजूवरून बोट फिरवलं. रफीकभाईंनी तिथं एक रेघ ठेवली नव्हती. अण्णा पायरीवर उभे राहून सरांच्या नाकाकडं बघत होते. आम्ही सगळे बी नाकाकडंच बघत होतो.

बॉनेटपाशी सर वाकले. "हे काय हाय? डाग हाय का?"

उन्हात तिरकं बघितलं की जुन्या स्वस्तिकाची पुसट सावली अजून दिसत होती. अण्णांच्या चेहऱ्यावर काहीतरी फुललं. मला वाटलं, गेलं सगळं. तेवढ्यात मॅडम पुढं आल्या, त्यांनी वाकून बघितलं आणि हात जोडले. "स्वस्तिक हाय की हो. आपल्याला नव्यानं काढायची गरज न्हाई."

गाडी ठरली. पेढे झाले, चहा झाला. अण्णांनी किल्ली दिली तेव्हा हात जरा उशिरा उघडला.

आता गाडी फाटकातून रिव्हर्स काढायची होती. फाटक अरुंद. अण्णा म्हणाले, "मी दाखवतो," आणि गल्लीत जाऊन गाडीच्या मागं उभे राहिले. आत्याबाई ओट्यावर, पाय स्टुलावर टाकून. सर स्टिअरिंगवर, मॅडम शेजारी.

"येऊ द्या," अण्णांनी हात हलवला. "येऊ द्या. लई जागा हाय. येऊ द्या."

डावीकडचा खांब गाडीच्या दिशेनं यायला लागला. मी ह्यांच्याकडं बघितलं, ह्यांनी माझ्याकडं. अण्णांचा हात हलतच होता. लातूरच्या पाहुण्यांपुढं ओरडावं का न्हाई, ह्यातच आमचा वेळ गेला.

ओट्यावरून आत्याबाई म्हणाल्या, "अहो, खांब."

मोठ्यानं न्हाई. मीठ द्या म्हणावं तसं. सरांनी ब्रेक मारला. गाडी आणि खांबात हात जाईल एवढीच जागा राहिली होती.

अण्णांचा हात हवेतच होता. त्यांनी अख्खी मान डावीकडं वळवली आणि खांब बघितला. मग ओट्याकडं बघितलं. आत्याबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या होत्या.

अण्णांनी हात खाली घेतला. सावकाश चालत सरांच्या खिडकीपाशी आले आणि वाकले.

"सर, मॅडम बसत असतात का सोबत, गाडीत?"

"हाव काका, बसतात की. ह्या काय शेजारीच हायेत."

"बसवत जा," अण्णा म्हणाले. "आन् रस्त्यानं त्यांनी म्हशी-बिशी दाखवल्या, तर चूप बस म्हणू नका."